हजारात तीन

नमस्कार श्रोतेहो. दरवर्षी 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर आरोग्य खातं पुरुष नसबंदी पंधरवडा पाळतं. बॅनर लागतो, टेबल मांडतात, आणि टेबलामागचा माणूस माश्या मारत बसतो.

कुटुंब नियोजन सरकारी कार्यक्रम म्हणून हाती घेणारा भारत जगातला पहिला देश, 1952 साली. आणि 2019-21ची राष्ट्रीय पाहणी काय सांगते? शंभर विवाहित बायकांमागे जवळपास 38 जणींचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्याने केलेलं शेकडा 0.3. पुन्हा सांगते, शंभरात अडतीस बायका आणि हजारात तीन पुरुष.

आता माझ्या ओळखीच्या एका आशाताईंच्या गावची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, तिथेही रेडिओ आहे. घरात दोन मुलं, सुनेच्या अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, हिला आत्ता टेबलावर घेत नाही. ताईंनी नवऱ्याचा विषय काढला तर सासूबाई कडाडल्या, "तो राबणारा गडी! कंबर गेली तर?" ताई म्हणाल्या, "आणि ही काय गादीवर लोळते?"

पुढच्या बाजारादिवशी गडी "खत आणतो" म्हणून गेला, नसबंदी करून, चहा पिऊन परत आला. खत नाहीच. सकाळी आईला कळलं. आधी हंबरडा, मग डिंक, खारीक, खोबरं! लेकाला कानटोपी, खाटेखाली शेगडी. डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितलेली, माउलीने सव्वा महिना धरला. तिसऱ्या दिवशी गडी मागच्या दाराने शेतात पळाला. सून ताईंना म्हणते, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत लाडू आले ते माहेरचे. आता यांच्या डब्यातले रोज दोन खाते."

वेळ संपत आली, तेव्हा मुद्द्याचं. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी फक्त तेवढी जागा बधिर करून होते, दहा-पंधरा मिनिटांत. बाईचं ऑपरेशन पोटातलं. सरकार पुरुषाला मोबदलाही बाईपेक्षा जास्त देतं. तरी गडी येत नाही, कारण आणीबाणी. 1976-77 साली देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, कितीतरी धाकदपटशाने. त्यानंतर सरकारने पुरुषांचं नाव घेणंच सोडलं आणि सगळं बायकांच्या पोटावर आलं. धोरणाच्या कागदावर समानता असते, उद्दिष्टाच्या तक्त्यात बायकाच.

पुरुषत्वाला काही होत नाही. कंबरेलाही नाही.

आणि हे लिहून घ्या: नसबंदीनंतर पहिले तीन महिने निरोध वापरायचाच. तीन महिने. मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि डॉक्टर "झालं" म्हणाले की मगच निरोध बंद. चौकशी आपल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. नमस्कार.