पावडरीला दिशा देताना

काचेच्या कुपीतली ही पांढरी पावडर म्हणजे एल-ॲलनिन, आपल्या शरीरातल्या प्रथिनांचं एक अमिनो आम्ल. तिचा एकेक कण नीट रचलेला स्फटिक आहे. पण कण वाट्टेल तसे पडलेत, आणि घनावस्था एनएमआरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपून घन पदार्थाची रचना उलगडणाऱ्या तंत्राची, खरी अडचण इथेच सुरू होते.

जबर ताकदीच्या चुंबकात कार्बन-१३ च्या (कार्बनच्या किंचित जड प्रकाराच्या) अणुकेंद्रकाला रेडिओ लहरींनी छेडलं की ते ठरावीक वारंवारितेवर उत्तर देतं. ती वारंवारिता भोवतालच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. पण इलेक्ट्रॉनांचा ढग सगळ्या बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे रेणूचं तोंड कुठे आहे यावरही उत्तर बदलतं. पावडरीत लाखो कण लाखो दिशांना, म्हणून नेमक्या रेषेऐवजी वर्णपटावर पसरट उंचवटा दिसतो.

१९५८-५९ मध्ये यावर तोडगा निघाला. नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात तिरका धरून प्रचंड वेगाने फिरवायचा. रेषा धारदार होतात, पण दिशेची माहिती बरीचशी पुसली जाते. ती हवी तर एकच मोठा, निर्दोष स्फटिक लागतो. तो वाढवता वाढवता कित्येक संशोधक थकले आहेत, आणि काही पदार्थ तेवढे वाढतच नाहीत.

जपानच्या क्योतो विद्यापीठात त्सुनेहिसा किमुरा यांच्या गटाने पावडरीलाच शिस्त लावली. ॲलनिन काही लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही, उलट अगदी किंचित दूर सरतं. पण हे दूर सरणं स्फटिकाच्या तिन्ही अक्षांवर थोडं वेगवेगळं असतं. काही मायक्रॉनच्या कणात रेणू इतके असतात, की हा इवलासा फरकही उष्णतेच्या धक्क्यांवर मात करतो.

आता हे पाहा. पावडर दाट, द्रव रेझिनमध्ये कालवली आहे. क्षेत्र स्थिर ठेवलं तर कणांचा एकच अक्ष जुळतो, त्या अक्षाभोवती कण मोकळेच राहतात. म्हणून नमुना क्षेत्रात फिरवायचा, तोही एका वेगाने नाही. प्रत्येक फेरीत काही अंश सावकाश, उरलेले झपकन. या लयीत तिन्ही अक्ष जागेवर येतात. या साऱ्या कामातली सर्वांत देखणी युक्ती हीच. मग अतिनील प्रकाश टाकला की रेझिन कडक होतं आणि कण आहेत तसे जखडले जातात.

हा तुकडा एनएमआर यंत्रात थोडा थोडा वळवत गेलं की रेषा सरकताना दिसतात, एकसंध स्फटिकात सरकाव्यात तशाच. २०१२ मध्ये या गटाने ॲलनिनच्या कार्बॉक्सिल आणि मिथिल या दोन कार्बनचे केमिकल शिफ्ट टेन्सर, म्हणजे दिशेनुसार वारंवारिता कशी बदलते याचा पूर्ण हिशेब, अशा रीतीने काढले. मोठ्या स्फटिकावरून पूर्वी मिळालेल्या मूल्यांशी ते जुळले.

मर्यादाही आहेत. कण अगदी काटेकोर जुळत नाहीत, त्यामुळे रेषा एकसंध स्फटिकापेक्षा रुंद येतात. रेझिनमध्ये विरघळणारा पदार्थ तर चालतच नाही. शिवाय ॲलनिनचा स्फटिक काटकोनी अक्षांचा, सममितीने सोयीचा. मोनोक्लिनिक (अक्षांमधला एक कोन तिरका असलेले) स्फटिक दोन आणि ट्रायक्लिनिक (तिन्ही कोन तिरके असलेले) स्फटिक चार तऱ्हांनी बसू शकतात, कारण चुंबकाच्या लेखी त्या साऱ्या सारख्याच. औषधांचे कितीतरी रेणू मोनोक्लिनिक रचनेत स्फटिकतात, त्यामुळे तिथे एकमेकांत मिसळलेल्या रेषा आधी सोडवाव्या लागतात.