सानोगोच्या मागे कोण बसलं होतं?

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहीत आहेच: यूकॉननं, म्हणजे आपल्या कनेक्टिकट विद्यापीठानं, अमेरिकेतल्या विद्यापीठांची बास्केटबॉल स्पर्धा दोन्ही वर्षी जिंकली, मग 2023 चा संघ भारी की 2024 चा? पण आधी ती बॉस्टनची मॅच. ती सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववत नाही.

30 मार्च 2024, समोर इलिनॉय, जिंकेल तो फायनल फोरला, म्हणजे उपांत्य फेरीला. 23-23 अशी बरोबरी असताना मी चहा टाकायला उठलो. आलं किसेपर्यंत मध्यंतर झालं, 28-23. कप घेऊन परत बसलो आणि तो कप तोंडाला लागलाच नाही. तीस, पस्तीस, चाळीस... इलिनॉय आपलं 23 वरच! 53-23 झालं तेव्हा चहावर साय धरली होती. सलग 30 गुण, मंडळी! आणि मध्ये उभा कोण, तर आपला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ उभा राहणारा उंच गडी, क्लिंगन. सात फूट दोन इंच, आपल्या इथल्याच ब्रिस्टलचा पोरगा. तो आडवा आला त्या 19 च्या 19 शॉट वाया गेले. तो हात वर करायचा आणि मी सोफ्यावरून ओरडायचो. शेजाऱ्यांनी दार वाजवलं. त्यांनाही आत घेतलं, चहा दिला. (हशा)

तरी प्रत्येक गेट-टुगेदरला कुणीतरी म्हणतंच, ‘2023 ची सर नाही.’ 2023 चा सेंटर सानोगो, त्याच्यावर माझंही प्रेम आहे. रमझानचे रोजे धरून पोरगा ती स्पर्धा खेळला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण नावासमोर नाव ठेवून संघ मोजता येत नाही. कोण कुठलं काम करत होता ते बघा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. भराभर सांगतो.

2023 नंतर सानोगो, हॉकिन्स, जॅक्सन असे पहिल्या पाचातले तिघे गेले. फ्लोरिडानं 2006 आणि 2007 ला तेच पाचजण उतरवून जिंकलं होतं. इथं न्यूटन आणि कॅराबन दोघेच उरले. क्लिंगन आदल्या वर्षी सानोगोमागे बेंचवर, मॅचमागे जेमतेम 13 मिनिटं. सेंटर घरातच तयार होत होता. जॅक्सन बचावाला वाघ, पण त्याचा बाहेरचा शॉट भरवशाचा नव्हता. समोरचे त्याला मोकळं सोडून आत गर्दी करायचे. त्याचं बचावाचं काम नवख्या कॅसलनं उचललं. हॉकिन्सची नेमबाजी रटगर्स विद्यापीठातून आलेल्या स्पेन्सरकडे गेली. थ्री, म्हणजे लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट, मारायचा 44 टक्क्यांनी. मग कुणाला मोकळं सोडणार?

2024 च्या फायनलला पर्ड्यूच्या सात फूट चार इंची एडीनं 37 गुण केले. करू दिले! क्लिंगन आणि त्याचा बदली त्याला एकेकट्यानं भिडले, बाकीचे चौघे नेमबाजांना चिकटून राहिले. पर्ड्यूला अख्ख्या मॅचमध्ये सातच थ्री टाकता आले, त्यातला एकच बास्केटमध्ये गेला. सानोगो सहा फूट नऊ इंचांचा. एडीसमोर त्याच्या मदतीला दुसरा पाठवावा लागला असता आणि तिथंच एक नेमबाज सुटला असता. म्हणून माझं मत 2024 ला. फायनल आपली, 75-60!

सानोगोवाले हात वर करताहेत, दिसतंय मला. या, जेवताना माझ्याच टेबलावर बसा.