बिनपडद्यांचा बास

न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. इथल्या कार्ल थॉम्पसन या गिटार-कारागिराने १९७५ साली अँथनी जॅक्सन या वादकासाठी सहा तारांचा बास, म्हणजे खर्जातले सूर देणारी गिटार, बनवला. तेव्हा बास म्हटलं की चारच तारा डोळ्यांसमोर येत. पुढे प्राइमस बँडच्या लेस क्लेपूलसाठी थॉम्पसन यांनी केलेला ‘रेनबो बास’ सहा तारांचा, शिवाय फ्रेटलेस. सतारीला पडदे असतात तसे गिटारला फ्रेट. इथे तेच नाहीत. हा बास कितीतरी जातींची लाकडं एकमेकांना चिकटवून केलेला आहे. त्यातलं इंद्रधनुष्य उमटतं ते लाकडाच्याच रंगांतून.

असल्या जोडकामातल्या लाकडांची नावं आपल्याला परकी वाटतात, पण त्यांची भावंडं आपल्याच रानात आहेत. केशरी-लाल पडौक आपल्या बिबळ्याच्या आणि रक्तचंदनाच्या कुळातला. मध्य अमेरिकेतला कोकोबोलो शिसवीचा भाऊ. काळंभोर एबनी हे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्या गोतातलं. आणि पर्पलहार्ट! करवतीखालून निघताना ते तपकिरी असतं, हवा-उजेड लागला की जांभळं होतं आणि बरीच वर्षं उन्हात राहिलं की पुन्हा तपकिरीकडे झुकतं. पडौकही असाच हळूहळू काळवंडतो. आज दिसतो तो रंग कायमचा नाही, हे धरूनच पट्ट्या निवडाव्या लागतात.

त्यातही सगळी लाकडं एकमेकांशी नीट नांदत नाहीत. कोकोबोलो तेलकट, ग्लूला सहजी दाद देत नाही. म्हणून रंधा मारला की लगेच ॲसिटोनने पुसायचं आणि तेल पुन्हा वर यायच्या आत क्लॅम्प आवळायचे. त्याचा भुसा अंगावर उठतो, त्यामुळे मास्क हवाच. दांडीसाठी पट्ट्या उभ्या जोडतात आणि लाकडातल्या रेषांची दिशा आळीपाळीने उलटी ठेवतात. एक पट्टी पीळ खायला लागली तर शेजारची तिला धरून ठेवते. चार तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास असतो; दांडीने तो वर्षानुवर्षं सोसायचा आहे.

इलेक्ट्रिक बासच्या धडाचं लाकूड आवाज किती बदलतं, यावर वादक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते फ्रेटलेसचा खरा जीव बोटांखालच्या फळीत आहे. इथे तार धातूच्या पट्टीवर टेकत नाही, थेट लाकडावर टेकते. बोटाच्या जरा पुढे ती फळीला घासत, थरथरत राहते आणि त्यातून तो लांबलेला, गळ्यातून आल्यासारखा ‘म्वाऽऽ’ निघतो. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला हे नवं नाही. घोडीवरच्या किंचित उतारावर तार घासते, म्हणून तंबोरा गुंजतो. मिरजेचे कारागीर ज्या नजाकतीने जवारी काढतात, तीच नजाकत इथे अख्ख्या फळीवर लागते.

हे बघा. फळीवर पोलादी सरळपट्टी उभी धरली आहे आणि मागून उजेड सोडलाय. पट्टीखालून मधोमध उजेडाची केसाएवढी रेघ दिसते. तेवढाच खोलगटपणा हवा. मध्येच कुठे उंचवटा राहिला तर तिथला सूर मरतो. मग पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पुन्हा घासायचं, पुन्हा उजेडात बघायचं. वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात त्या नटमधल्या खाचाही जवळजवळ फळीला टेकेपर्यंत खोल न्याव्या लागतात, कारण मध्ये फ्रेटची उंचीच नाही.

नटपासून घोडीपर्यंत ३४ इंच तार असलेल्या बासवर पहिला अर्धसूर नटपासून साधारण ४८ मिलिमीटरवर येतो. सप्तक ओलांडलं की हेच अंतर निम्मं होतं. बोट नेमकं कुठे पडायला हवं, हे कानच सांगतो. दांडीच्या कडेला ठिपके असतात, पण ते दोन फ्रेटच्या मध्ये नसतात, थेट सुराच्या जागेवर असतात.

जॅको पास्टोरियस या नामवंत बासवादकाच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट काढलेले होते; त्याने खाचा बुजवल्या आणि फळीवर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवले. कारण साधं होतं: खरखरीत राउंडवाउंड तारा रोजवुडची फळी खाऊन टाकतात. एबनी जास्त टिकते, पण तीही झिजतेच. इपॉक्सी लावायची की लाकूड उघडं ठेवून गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा चढवायच्या, हे वादकाने आधीच सांगितलेलं बरं. उघडं ठेवायचं ठरलं तर जाणता कारागीर फळी मुद्दाम थोडी जाड ठेवतो, म्हणजे पुढे चर पडले की तीच फळी पुन्हा रंधून घेता येते.