पाण्यापुढे सरपंचाचंही चालत नाही

नेतृत्व विकास शिबिर म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. पहाटे पीटी, दुपारी पाहुण्यांचं भाषण, रात्री शेकोटी, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. मी टिंगल करत नाही, अशा शेकोट्यांना मीही बसलोय. पण आज बोलायचंय ते उघड्यावरच्या अशा शाळांबद्दल, जिथे चुकल्याची शिक्षा मास्तर देत नाही.

विलायतेतला इतिहास झटपट सांगून टाकतो. १९४१ साली वेल्समधल्या ॲबरडोवीला ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू झाली. युद्धाचे दिवस, जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. जहाज कंपनी चालवणारे लॉरेन्स होल्ट यांचं म्हणणं असं, की जीवरक्षक होडीत तरणी पोरं आधी हाय खातात आणि मुरलेले खलाशी तग धरतात. मग शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांना हाताशी धरून पोरांना दर्यावर आणि डोंगरात घडवणारे वर्ग निघाले. पुढे १९६५ साली पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकानं अमेरिकेत वायोमिंगमध्ये ‘नोल्स’ ही रानावनात नेतृत्व शिकवणारी शाळा काढली. तिथली एक रीत मला फार आवडते. एकेक दिवस एकेका विद्यार्थ्यानं तुकडी चालवायची. नकाशा त्याच्या हातात, वाट चुकली तर सगळ्यांची पायपीट त्याच्या खात्यावर, आणि संध्याकाळी त्यावर मोकळी चर्चा. पद्धत झकास आहे. मात्र मोहीम संपली की पोरगा विमान पकडून घरी. ज्या डोंगरात तो चुकला, त्या डोंगराशी त्याची पुन्हा गाठ पडेलच असं नाही.

आपल्याकडे हीच शाळा शिवारात भरली. २०१६ साली पानी फाउंडेशन या संस्थेनं गावागावांत पाणी अडवण्याच्या कामाची वॉटर कप स्पर्धा सुरू केली तेव्हा तालुके होते तीनच : वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. गावं ११६. पुढच्या वर्षी तालुके ३० झाले, त्याच्या पुढच्या वर्षी ७५. आपल्याला आठवतात ते ४५ दिवसांचं श्रमदान, टीव्हीवरची दृश्यं आणि अर्थात आमिर खान. माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. गावानं निवडलेल्या बाया-पुरुषांचं ते निवासी प्रशिक्षण.

त्यातला एक तास डोळ्यांसमोर आणा. उघडं माळरान, उन्हं चढलेली. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर सेंटिमीटरच्या खुणा, आणि दोन्हींना जोडणारी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. हे झालं हायड्रोमार्कर. एक पट्टी एका बाईच्या हातात, दुसरी बऱ्याच अंतरावर उभ्या असलेल्या माणसाकडे. दोन्हीकडे पाण्याचा आकडा सारखा आला की ती जागा समपातळीत, आणि पाणी अडवणारा चर खणायचा तो अशाच जागांवरून. तिथे खुणेची पांढरी फक्की टाकायची आणि पुढच्या बिंदूकडे सरकायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, म्हणून आधी बुडबुडा काढायचा. आखणी बिघडली तर चराला उतार लागतो, पाणी खालच्या टोकाला गोळा होतं आणि पहिल्याच जोरदार पावसात भराव फोडून निघून जातं. केलेलं श्रमदान वाहून गेलेलं अख्खं गाव बघतं.

आता यात नेतृत्व कुठे आलं? तर इथेच आलं. सरपंच म्हणतात, ‘चर इथून घ्या, मला सगळं रान पाठ आहे.’ ती बाई म्हणते, ‘नाही भाऊ, आकडा जुळत नाही.’ गावात एरवी कुणाचं ऐकायचं हे घराणं, भावकी, पक्ष आणि जमिनीचा आकार यांवरून ठरत आलंय. नळीतल्या पाण्याला यातलं काहीच माहीत नाही. ज्या बाईनं ग्रामसभेत कधी तोंड उघडलं नव्हतं, तिच्या हातात असं माप येतं ज्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. पर्यावरणाचा तास वेगळा आणि समाजकारणाचा वेगळा अशी वाटणी मला म्हणूनच पटत नाही. मोजता येणं हेच तिथे पुढारीपण आहे.

पण पाणी साठलं की परीक्षा खरी सुरू होते. विहिरीची पातळी वर आली की दुसऱ्या वर्षी कुणीतरी ऊस लावतो, तिसरा नवा बोअर घेतो. खणायला सगळे एकत्र येतात, वाटायला बसल्यावर पाहुणे कोण आणि पाटील कोण ते कळतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाचं मोठेपण मला तिथल्या झाडांपेक्षा पाण्याच्या ताळेबंदात दिसतं. पडलेला पाऊस मोजायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअरला बंदी. चांगल्या पावसाच्या वर्षी हे कुणीही पाळेल. पाऊस दगा देतो तेव्हा शेजाऱ्याला ‘यंदा गहू नको’ म्हणायला छाती लागते. हा धडा चार दिवसांच्या प्रशिक्षणात बसत नाही.

मेंढा-लेखाचं उदाहरण याहून वेगळं. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा पुष्कळांना पाठ असते, पण घोषणेमागचा अभ्यासगट फारसा कुणी विचारात घेत नाही. विषय काढायचा, गावातले-बाहेरचे कुणीही बसायचं, प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही; तो ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं, त्याचं ऐकायचं. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे साथी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे वर्षानुवर्षं चालवलं.

त्याचा उपयोग काय झाला ते सांगतो. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि त्यातली उपज घ्यायचा गावाचा हक्क. बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतूक परवान्यावर गाडी अडली, कारण बांबू इमारती लाकडात धरायची जुनी वहिवाट. गावानं मात्र २००६ चा वनहक्क कायदा वाचलेला होता आणि त्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत, आहे. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. यातला ‘नेता’ दाखवा म्हटलं तर बोट कुणाकडे करणार?

तेव्हा तुमच्यापैकी जे अशी शिबिरं घेणार आहेत त्यांना एक सुचवतो. दोरखंड आणि तंबू घ्या, मला काही वावडं नाही. पण एक पूर्ण दिवस ग्रामसभेच्या कामकाजाला द्या. आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे पोरींना सांगा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती, हे माहीत करून द्या. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून काही ठिकाणी पहिली सभा मुद्दाम कशी बुडवली जाते, तेही समजावा. इतिवृत्त लिहायला मुलांना बसवा. कागद कोरा असताना सह्या घेतल्या जात असतील तर सही न करणं, हा त्या दिवसाचा गृहपाठ.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतला हात आधी वर होता.