शिवलकरांचा टप्पा

पत्रिकेवर विषय छापलाय 'फिरकी गोलंदाजाची दीर्घ कारकीर्द'. पण मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचं नाव निघालं की मुंबईकर आधी सुस्कारा सोडतो: बेदी नसता तर! तेव्हा ते दुखणं आधी उरकू.

१२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. रणजीत मुंबईसाठी ३६१. इतके मुंबईच्या दुसऱ्या कुणाचेही नाहीत. कसोटी? शून्य. भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एक आणि तिथे बिशनसिंग बेदी ठाण मांडून. अहो, प्रसन्ना आणि वेंकट हे दोन ऑफस्पिनर एका संघात चालायचे, मग दोन डावखुऱ्यांनीच काय घोडं मारलं होतं? बेदी गेल्यावर दिलीप दोशींना बत्तिसाव्या वर्षी संधी मिळाली, ३३ कसोटींत ११४ बळी घेतले त्यांनी. तोवर शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे. हरियाणाचे राजिंदर गोयलही, रणजीत ६३७ बळी घेऊन, बाहेरच. २०१७ साली बोर्डाने दोघांना जीवनगौरव दिला. रांग एकदाची पुढे सरकली म्हणायची. (हशा)

बरं, १९७२-७३चा रणजीचा अंतिम सामना, चेन्नईचं चेपॉक. आखाडा फिरकीचा, समोर तामिळनाडूचे फिरकीवाले वेंकट आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या धावांवर जिंकायचं कसं? शिवलकर: १६ धावांत ८, मग १८ धावांत ५. तामिळनाडू ८० आणि ६१. मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद! खेळपट्टी दोन्ही संघांना तीच होती हो, तिच्यावर चेंडू कुठे टाकायचा हे एकाला जास्त कळलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता. (हशा)

सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९८७-८८मध्ये, हा माणूस पुन्हा मुंबईकडून खेळला. वेगवान गोलंदाजाला हे जमणं कठीण. फिरकीवाल्याला जमू शकतं, पण आपोआप नाही. चेंडू तर्जनीवरून सुटतो, त्यामुळे शिवण घासून तिथलीच कातडी फाटते. वय वाढलं की आधी बोट नाही, पुढच्या पायावरची गिरकी आखडते. कंबर पूर्ण फिरत नाही, हात छातीसमोरून खाली येत नाही, चेंडू वळायचा थांबतो. मग गोलंदाज घाबरून सपाट आणि जोरात टाकतो. तिथेच संपतो तो! फ्लाइट, म्हणजे चेंडूला हवेत दिलेली उंची, गेली की चेंडू शेवटी खाली बुडत नाही, आणि टप्पा अर्धा मीटर आखूड पडला की फलंदाज मागे जाऊन निवांत कट मारतो.

उपाय? रनअप कमी करा, पण शेवटची दोन पावलं तीच ठेवा. क्रीजवर कधी स्टंपला चिकटून, कधी लांबून या. टप्पा स्टंपांपासून साधारण चार मीटरवर. खेळपट्टी संथ असेल तर आणखी पुढे, फलंदाजाच्या जवळ. आर्म बॉल, म्हणजे न वळता सरळ जाणारा चेंडू, स्पेलमध्ये दोन-तीनदाच, आणि हात त्याच उंचीवरून. हात खाली आला की नॉनस्ट्रायकरलासुद्धा कळतं.

प्रश्न दोनच घेतो. बेदीवर नको.