दुसरे नाव, तिसरे छिद्र : फ्लोरिडा, 2000

पडद्यावर दिसणारे हे कार्ड जाडसर कागदाचे आहे. त्यावर उमेदवाराचे नाव नाही आणि पक्षाचे चिन्हही नाही. आहेत ते फक्त ओळीने छापलेले आकडे आणि प्रत्येक आकड्यापाशी कडेने अर्धवट कापून ठेवलेली कागदाची एक बारीक चौकोनी टिकली. 7 नोव्हेंबर 2000 रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काऊंटीमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, अध्यक्षपदासाठी मतदान झाले, ते याच कार्डावर.

मतदान कसे होत असे, हे या चित्रीकरणात नीट पाहता येते. मतदार कार्ड यंत्राच्या खाचेत सरकवतो आणि कार्डाची वरची दोन भोके दोन खुंट्यांवर बसवतो. कार्डाच्या वर पुस्तिकेसारखी पाने असतात. त्या पानांवर नावे वाचायची, नावासमोरचा बाण ज्या छिद्राकडे जातो त्यात टोकदार टोचणी दाबायची आणि टिकली खाली पाडायची, अशी ही पद्धत होती. कार्ड बाहेर काढल्यावर मतदाराच्या हातात केवळ आकडे आणि भोके उरतात. आपण नेमके कोणाला मत दिले, हे त्या कार्डावर नावानिशी पडताळून पाहण्याची सोय नव्हती.

आता हे जोडपान जवळून पाहू. फुलपाखराच्या पंखांसारखी दोन बाजूंना दोन पाने आणि मधोमध छिद्रांची एकच उभी रांग, म्हणून या मतपत्रिकेला ‘बटरफ्लाय’ हे नाव पडले. डाव्या पानावर सर्वांत वर रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश आहेत, कारण राज्याचा गव्हर्नर ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा उमेदवार पहिला, असा तेथील नियम होता. त्यांच्या खाली, डाव्या पानावर दुसऱ्या क्रमांकाला, डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर आहेत. मात्र मधल्या रांगेतील दुसरे छिद्र गोर यांचे नाही. ते समोरच्या, उजव्या पानावरील रिफॉर्म पक्षाचे उमेदवार पॅट बुकॅनन यांचे आहे. गोर यांचे छिद्र तिसरे. डावीकडची नावे वरून खाली वाचत जाणाऱ्या माणसाने दुसऱ्या नावासाठी दुसरे छिद्र टोचले, तर त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही मांडणी करणाऱ्या निवडणूक अधिकारी टेरेसा लपोर स्वतः डेमोक्रॅट होत्या. अध्यक्षपदाचे दहा उमेदवार होते, काऊंटीत वयोवृद्ध मतदार मोठ्या संख्येने होते आणि त्यांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे ठेवायचे होते; त्यामुळे नावे एका पानात मावेनात आणि ती दोन पानांवर मांडली गेली. हेतू चांगला होता. नमुना मतपत्रिका मतदानाआधी प्रसिद्धही झाली होती. परंतु पाठीमागे रांग उभी असताना हातातल्या टोचणीने कोणते छिद्र गाठायचे, याचा सराव छापील नमुन्यावर होत नाही.

त्या दिवशी पाम बीचमध्ये बुकॅनन यांना 3,407 मते मिळाली. राज्यातील इतर कोणत्याही काऊंटीत त्यांना याच्या जवळपासही मते पडली नव्हती, आणि यांतील बरीच मते बहुधा आपली नसावीत, असे त्यांनी स्वतः दूरचित्रवाणीवर मान्य केले. याखेरीज 19 हजारांहून अधिक कार्डांवर अध्यक्षपदासाठी एकापेक्षा जास्त भोके पडली होती आणि ती सर्व मते बाद ठरली. त्यांपैकी पाच हजारांहून अधिक कार्डांवर गोर आणि बुकॅनन या दोघांचीच छिद्रे टोचलेली होती. ड्यूव्हल काऊंटीत अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे एकामागून एक अशा दोन पानांवर विभागली होती आणि तेथेही वीस हजारांहून अधिक मते अशीच बाद झाली. ती कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

सुमारे 60 लाख मतदारांच्या या राज्यात पहिल्या मोजणीअखेर बुश 1,784 मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने कायद्यानुसार यंत्राने फेरमोजणी झाली आणि ही आघाडी 327 वर आली. त्यानंतर काही काऊंट्यांमध्ये हाताने मोजणी सुरू झाली.

ब्रोवर्ड काऊंटीतील हे छायाचित्र जगभर छापले गेले. मोजणी मंडळावरील न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग भिंग डोळ्यापाशी धरून एक कार्ड न्याहाळत आहेत. टिकली एका कोपऱ्याला लटकते आहे, दोन कोपऱ्यांवर दारासारखी उघडझाप करते आहे, तीन कोपऱ्यांना धरून आहे, की जागची न हलता तिला नुसता पोचा आला आहे, याचा निवाडा त्यांना करायचा होता. फ्लोरिडाच्या कायद्यात मतदाराचा हेतू हा शब्द होता. तो हेतू टिकलीच्या किती कोपऱ्यांत मोजायचा, हे मात्र लिहिलेले नव्हते. पाम बीचमध्ये नमुना मोजणी चालू असतानाच निकष बदलला गेला. या टेबलांभोवती दोन्ही पक्षांचे निरीक्षक बसलेले दिसतात आणि प्रत्येक कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर उजेडाकडे धरले जाते. थकलेल्या माणसांनी इतक्या निगुतीने केलेले हे काम कोणाला हास्यास्पद वाटले असेल. आम्हाला ते या निवडणुकीतील सर्वांत प्रामाणिक काम वाटते.

हाताने केलेली मोजणी सादर करण्याची 26 नोव्हेंबरच्या सायंकाळी पाच वाजताची मुदत पाम बीचला सुमारे दोन तासांनी हुकली. राज्याच्या सचिव कॅथरिन हॅरिस यांनी ती मोजणी न स्वीकारता बुश 537 मतांनी विजयी झाल्याचे प्रमाणित केले. बटरफ्लाय मतपत्रिकेविरुद्ध मतदारांनी केलेली याचिका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 डिसेंबरला फेटाळली. त्याच सुमारास कार्डांच्या पेट्या भरलेला हा पिवळा ट्रक पाम बीचहून राजधानी टॅलाहासीकडे निघाला आणि वृत्तवाहिन्यांच्या हेलिकॉप्टरांनी महामार्गावरील त्याचा प्रवास देशभर थेट दाखवला. या निकालाला आव्हान देणारा गोर यांचा खटला चालवणाऱ्या न्यायालयाने त्या पेट्यांमधील कार्डे तपासली नाहीत.

8 डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर हाताने मोजणीचा आदेश दिला, दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि 12 डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी ती कायमची थांबवली. फ्लोरिडाची 25 इलेक्टोरल मते, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याच्या वाट्याला आलेली मते, आणि त्यांसोबत अध्यक्षपद बुश यांना मिळाले. पुढल्या वर्षी फ्लोरिडाने टोचणीची कार्डे कायद्याने बंद केली.

6 जानेवारी 2001 चे हे चित्रीकरण इलेक्टोरल मतांच्या मोजणीसाठी भरलेल्या संसदेच्या संयुक्त बैठकीचे आहे. उपाध्यक्ष या नात्याने पीठासीन असलेली व्यक्ती म्हणजे अल गोर. फ्लोरिडाच्या मतांवर प्रतिनिधीगृहाचे काही सदस्य एकामागून एक आक्षेप घेण्यास उभे राहतात, आणि त्यावर सिनेटच्या एकाही सदस्याची सही नसल्याने गोर प्रत्येकाला खाली बसण्यास सांगतात. त्यानंतर ते निकाल वाचतात : बुश 271, गोर 266.