पुठ्ठा, खोका आणि स्टोअरची वही

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बदल टिकवायचा कसा’. त्यावर येतोच. आधी मला पुठ्ठ्याबद्दल बोलू द्या.

अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता. काळ १९४० च्या दशकातला. कामाला बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या बायका, मजुरी नगावर, तासाला ६० युनिट हे प्रमाण. तिथल्या इस्त्री करणाऱ्या १८ जणींचं काम बदललं. किती बदललं? आधी अर्धा-अर्धा डझन नग एका सपाट पुठ्ठ्यावर रचायचे, आता तेवढ्याच मापाच्या खोक्यात रचायचे. बस्स. (खोका म्हटल्यावर हसलात. ठाण्यात हा शब्द जपूनच वापरावा लागतो, कबूल.) खोका ठेवायची जागासुद्धा पुठ्ठ्याचीच. घड्याळ लावून वेळ मोजली, डझनामागे दोन मिनिटं वाढवून दिली. बैठक घेतली, नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरं दिली. आपल्याकडे यालाच ‘सगळ्यांना विश्वासात घेतलं’ म्हणतात.

झालं काय? उत्पादन ५० च्या आसपास येऊन जे बसलं ते हलेना. तक्रारी, सुपरवायझरशी खटके, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जणी नोकरी सोडून गेल्या. एका खोक्यापायी!

दुसऱ्या गटापुढे दिसायला अगदी सारखे दोन कपडे ठेवले. एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला. ओळखा म्हणाले, स्वस्त कोणता. कुणालाच ओळखता येईना. खर्च का कमी करायचा हा प्रश्न तिथेच टेबलावर आला. मग त्या गटाने आपल्यातल्याच काही जणी निवडल्या, त्यांनी नवी पद्धत बसवली आणि बाकीच्यांना शिकवली. १४ दिवसांत गट ६१ वर. आणखी दोन छोट्या गटांत प्रतिनिधी वगैरे भानगडच नव्हती, सगळ्याच जणी चर्चेला बसल्या. ते याहून लवकर सावरले आणि आधीच्या पातळीच्याही सुमारे १४ टक्के वर गेले.

आता खरी गंमत. पहिल्या, बिघडलेल्या गटातल्या उरलेल्या १३ जणींना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणलं, नवं काम दिलं, पण या वेळी सगळ्यांना चर्चेत घेऊन. त्याही भराभर वर गेल्या. बायका त्याच! हा प्रयोग करणाऱ्या कोच आणि फ्रेंच यांनी हे १९४८ साली छापलं. तरी आपल्याकडे प्रत्येक मीटिंगमध्ये एक जण म्हणतोच, ‘आमची माणसंच जुन्या वळणाची हो.’

आपल्याकडचा पुठ्ठा कसा दिसतो? शुक्रवारी संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद, ‘सोमवारपासून पहिली पाळी साडेसातऐवजी सातला.’ ऑफिसच्या हिशेबी अर्धा तास. रबाळेच्या कारखान्याच्या गेटवर त्याच अर्ध्या तासात कळव्याहून येणाऱ्याची ठाण्याची ट्रान्सहार्बर लोकल बदलते, बसचे थांबे बदलतात, घरी डबा आणि नळाचं पाणी एकाच वेळेला येतं. हे सांगणाऱ्याला आपण ‘विरोधक’ म्हणतो. तो फुकटात सर्व्हे करून देतोय! आणि कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा, फार काय, वहिवाटीने चालत आलेली सवलत काढायची असली तरी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ ने २१ दिवसांची नोटीस सांगितली होती. औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवसच आहेत. लोक ते टपालासारखे मोजतात, २१ संपले की बदल लागू. अहो, ते दिवस बोलण्यासाठी आहेत.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे आता मुख्य विषय.

हारवुडचा सल्लागार मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन. बदलाच्या त्याच्या तीन पायऱ्या तुम्हाला पाठ आहेत, वितळवा, बदला, पुन्हा गोठवा. आपण मधलीच करतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, सॉफ्टवेअर आणताय असं धरा. वितळवायचं म्हणजे आधी स्टोअरकीपरची वही मागा, गेल्या तीन महिन्यांची, आणि त्याच्याच शेजारी बसून समासातल्या खुणा वाचा. सळई खरेदीला किलोवर येते आणि खाली नगावर जाते. वहीच्या पुठ्ठ्यावर आत लिहिलेलं असतं, व्यास गुणिले व्यास भागिले १६२. म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो, सहा मीटरची एक सळई ५.३३ किलो. हे सिस्टिमच्या मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, घातलं नाही तर आठवड्यात साठा उणे दिसतो आणि म्हणतात, ‘स्टोअरवाला मुद्दाम करतोय.’ दुसरी खूण रात्रपाळीची. पहाटे दोनला बेअरिंग चिठ्ठीवर दिलं, सही सकाळी. सिस्टिम मंजुरीशिवाय जावक करू देत नसेल तर रात्री मंजुरी कुणाची, हे नाव आधी ठरवा.

सुरुवात मार्चअखेरीला नको. साप्ताहिक सुट्टीला प्रत्यक्ष माल मोजा, दुसऱ्या दिवशी चालू करा. वही आणि सिस्टिम दोन आठवडे बरोबर चालवा, शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा, आणि दुहेरी नोंदीसाठी एक जादा माणूस द्या. नाहीतर स्टोअरकीपर दिवसभर वही लिहील आणि सिस्टिम संध्याकाळी अंदाजाने भरेल. रोज पाच वस्तू निवडून रॅकवर, वहीत आणि पडद्यावर ताडून बघा. फरक आला तर कारण लिहा, नाव लिहू नका.

गोठवणं म्हणजे जुनी वाट बंद करणं. ठरल्या तारखेनंतर प्लँट हेडची तोंडी मागणी किंवा चिठ्ठीसुद्धा चालणार नाही. पहिली चिठ्ठी साहेबांचीच येते, आणि ती परत पाठवायचा अधिकार स्टोअरकीपरला लेखी दिलेला असावा. त्याची वही वर्षअखेरच्या मोजणीपर्यंत त्याच्याच कपाटात राहू द्या, किल्लीसकट.